वर्गातील अवघडलेले मूल आणि व्यवसायोपचार

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत विस्तार अधिकारी, शिक्षण, यांनी केलेले भाषण)



शिक्षण परिषदेत आपण बहुधा पाठ्यघटक, चाचण्या आणि अहवाल यांविषयी बोलतो. आज मी निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. बहुतेक प्रत्येक शाळेत असे एखादे मूल असते, की ज्याच्याविषयी नोंदवहीत आपण काहीच लिहीत नाही, परंतु मधल्या सुट्टीत आपापसांत पुष्कळ बोलतो. ‘ते एका जागी बसत नाही’, ‘त्याचे अक्षर लागत नाही’, ‘नुसता हात लागला तरी अंगावर धावून येते’, ‘घंटा झाली की कानांवर हात ठेवून रडू लागते’. अशा मुलांसाठी व्यवसायोपचार नावाची शाखा गेली कित्येक दशके काम करीत आहे. तिच्यातील काय आपल्या वर्गात आणता येईल आणि काय आणू नये, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम शब्दाविषयी. एका पालकांशी बोलताना मी हा शब्द वापरला, तेव्हा त्यांनी मला विचारले, “साहेब, म्हणजे पोराला शिवणकाम शिकवणार की सुतारकाम?” त्यांची शंका रास्त होती. व्यवसाय म्हटले की आपल्यापुढे पोटापाण्याचा धंदा येतो. परंतु येथे व्यवसाय म्हणजे माणसाला दिवसभरात जी जी कामे स्वतःची म्हणून करावी लागतात ती सर्व. शेतकऱ्याचा व्यवसाय शेती, तद्वत आठ वर्षांच्या मुलाचा व्यवसाय म्हणजे दात घासणे, सदऱ्याची बटणे लावणे, ताटातले जेवण न सांडता जेवणे, मित्रांबरोबर खेळणे आणि शाळेत बसून लिहिणे. शरीराच्या, इंद्रियांच्या वा मेंदूच्या वाढीतील अडचणीमुळे ही कामे ज्याला जमत नाहीत, त्याला ती जमावीत म्हणून केलेले शास्त्रशुद्ध साहाय्य म्हणजे व्यवसायोपचार होय.

या शास्त्राचे आपल्या महाराष्ट्राशी जवळचे नाते आहे. कमला निंबकर या मूळच्या अमेरिकन बाई. विवाहानंतर त्या भारतात आल्या आणि येथल्याच झाल्या. त्यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी भारतातील पहिली शाळा सुरू केली. १९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचार संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी या विषयाचा जागतिक महासंघ दहा देशांनी मिळून उभा केला, त्यांत भारत होता. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांचेच नाव धारण करून आहे. तेव्हा ही विद्या आपल्याकडे काल-परवा आलेली नाही. खेड्यातील शाळेपर्यंत मात्र ती फारशी पोहोचली नाही, हे मान्य केले पाहिजे.

ती न पोहोचल्याने काय होते, हे मी दुसऱ्या कोणाच्या उदाहरणाने सांगत नाही. माझीच चूक सांगतो.

१९९७ साली मी एका द्विशिक्षकी शाळेत तिसरीचा वर्ग शिकवीत असे. वर्गात आठ वर्षांचा एक मुलगा होता. बोलण्यात चलाख, गोष्ट एकदा ऐकली की पुन्हा जशीच्या तशी सांगणारा. परंतु त्याची लेखणी हातात धरल्याबरोबर मोडे. वहीचे पान खोडता खोडता फाटे. रांगेत उभा केला की पुढच्या मुलावर रेले, आणि मग भांडण होई. अक्षरे कधी बोटाएवढी, कधी मुगाएवढी; ओळीवर एकही नाही. मी त्याला आळशी ठरविले. नंतर दांडगा ठरविले. चुकलेले शब्द वीस-वीस वेळा लिहावयास लावले, मधली सुट्टी बंद केली आणि दोन-तीनदा छडीही मारली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. मी घरी गेलो तेव्हा तो गोठ्यामागे लपला होता. आई म्हणाली, “गुरुजी, त्याला लिहायचं म्हटलं की ताप भरतो.” मी दोन उपदेशाचे शब्द सांगून परत आलो.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या बँकेत एका तरण्या गृहस्थाने मला ‘गुरुजी’ म्हणून नमस्कार केला. तोच तो. अर्ज भरून देण्याची त्याने विनंती केली. मी अर्ज भरला आणि सहीसाठी लेखणी पुढे केली. त्याने ती घेतली नाही. शाईच्या डब्याकडे अंगठा नेला. त्या दिवसापासून या विषयाचा जो काही अभ्यास मी केला, तो त्या अंगठ्यामुळे केला आहे.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. आपण मुलांना पंचेंद्रिये शिकवितो. परंतु शरीराला आणखी दोन जाणिवा असतात व शाळेच्या दृष्टीने त्या फार महत्त्वाच्या आहेत. पहिली तोलाची. तिचे स्थान कानाच्या आतल्या भागात आहे. झोक्यावर बसल्यावर, वळताना, वाकताना डोके कोठे कसे आहे ते तीच मेंदूला कळविते. दुसरी अंगस्थितीची. ती स्नायू आणि सांधे यांतून येते. वीज गेल्यावर मिट्ट अंधारातही आपण घास नेमका तोंडात घालतो, नाकात घालीत नाही, ते या जाणिवेमुळे. एखादी वस्तू उचलण्यास किती जोर लावावा, हे ठरविण्यासही तीच लागते. ज्या मुलाची ही जाणीव क्षीण असते त्याला लेखणीवर किती दाब द्यावा हे उमगत नाही. ते एक तर तिचे टोक मोडते किंवा दिसणार नाही इतके फिके लिहिते. रांगेत दुसऱ्यावर रेलते, कारण आपले अंग कोठे संपते याचा त्याला नीट पत्ता लागत नाही. माझ्या तिसरीतील मुलाचे वर्णन आपल्याला आठवेल.

काही मुलांत याच्या उलट होते. साधा आवाज त्यांना कानात खिळा ठोकल्यासारखा वाटतो. सदऱ्याच्या गळपट्टीमागील चिठ्ठी त्यांना काट्यासारखी टोचते. खिचडीतला मऊ वाटाणा तोंडात आला की ओकारी येते. स्वमग्न मुलांत असे पुष्कळ आढळते. स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांत इंद्रियांच्या या कमी-अधिक प्रतिसादाचा समावेश अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली केला. आणखी काही मुले अशी, की त्यांची बुद्धी, दृष्टी, श्रवण सर्व ठीक असते, पण हातापायांच्या हालचालींचा मेळ बसत नाही. याच निदानग्रंथानुसार पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत ही अडचण शेकडा ५ ते ६ इतकी आढळते. म्हणजे पन्नास पटाच्या शाळेत अशी दोन-तीन मुले असण्याचा संभव आहे. मेंदूच्या पक्षाघाताने हातपाय ताठरलेली मुले, डाऊन संलक्षण असलेली मुले, बौद्धिक विकास मंद असलेली मुले, यांनाही व्यवसायोपचाराचा लाभ होतो.

तथापि एक सावधगिरी ठेवली पाहिजे. इंद्रियजाणिवांच्या मेळाचा सिद्धान्त जीन एअर्स या अमेरिकन व्यवसायोपचार तज्ज्ञ विदुषीने मांडला. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्याने मुलांकडे पाहण्याची दृष्टी निश्चित बदलली. परंतु त्यावर आधारलेल्या उपचारांचा पुरावा मर्यादित आहे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली स्पष्ट केले आणि पालकांना तसे सांगावे असेही सुचविले. म्हणून कोणी वजनदार जाकीट किंवा महागडे साहित्य विकावयास आला आणि ‘याने मूल बरे होईल’ म्हणाला, तर भुलू नये. जे काम जमत नाही, त्याच कामाचे लहान लहान भाग करून, योग्य साधन देऊन, रोज थोडा सराव करून घेणे हा मार्ग अधिक भरवशाचा ठरला आहे. आणि हा मार्ग शिक्षकाच्या हातातील आहे.

तेव्हा आपण काय करावे? मी तीन गोष्टी सुचवितो: पाहावे, बदलावे, कळवावे.

पाहावे म्हणजे एक आठवडाभर त्या मुलाची नोंद ठेवावी. ‘चंचल’, ‘हट्टी’ असे शब्द नोंदीत लिहू नयेत, कारण ते आपले मत असते, मुलाचे वर्तन नव्हे. काय घडले, केव्हा, कोठे, त्याच्या आधी काय झाले होते आणि नंतर मूल कशाने शांत झाले, एवढेच लिहावे. पाच दिवसांत बहुधा काहीतरी सूत्र हाती लागते. जे मूल सकाळी दहा मिनिटे बसते आणि दुपारी दोन मिनिटेही बसत नाही, त्याचा प्रश्न हट्टाचा नसून थकव्याचा असू शकतो. अशा मुलाचे डोळे आणि कान तपासलेले आहेत ना, याची खात्री मात्र सर्वांत आधी करावी. फळा न दिसणाऱ्या मुलाला आपण कित्येकदा मंद ठरवितो.

बदलावे म्हणजे मूल बदलण्याच्या आधी जागा, साधन आणि कामाची पायरी बदलावी.

जागेचे पाहा. बाकावर बसलेल्या लहान मुलाचे पाय अधांतरी लोंबत असतील, तर त्याची निम्मी शक्ती तोल सांभाळण्यात जाते आणि हाताला बळ उरत नाही. पायांखाली दोन विटा किंवा जुना पाट ठेवावा. जमिनीवर बसणाऱ्या मुलास भिंतीचा आधार द्यावा. आवाजाने घाबरणाऱ्या मुलास दारापासून व पत्र्याच्या पडवीपासून दूर बसवावे, आणि घंटा देण्यापूर्वी ‘आता घंटा होणार आहे बरं का’ असे हलकेच सांगावे. भय बहुधा आवाजापेक्षा तो अवचित येण्याचे असते. ज्याला स्पर्श सोसत नाही, त्यास रांगेच्या शेवटी उभे करावे, म्हणजे मागून धक्का बसत नाही.

साधनाचे पाहा. लेखणी निसटत असेल तर तिला चिंधीची पट्टी गुंडाळून जाड करावी. खडूचा वा पेन्सिलीचा आखूड तुकडा दिला की मूल तो आपोआप बोटांच्या चिमटीत धरते. लांब पेन्सिल मुठीत धरली जाते. पाटी मांडीवर सपाट ठेवण्याऐवजी पुस्तकांच्या उतारावर टेकवावी. मनगट योग्य वळते. वहीतील एक आड एक ओळ रंगीत खडूने ठळक करावी. यांपैकी कशालाही अनुदान लागत नाही.

पायरीचे पाहा. बटण लावणे शिकवावयाचे असेल, तर बटण काजात अर्धे आपण घालावे आणि शेवटचा ओढा मुलास देऊ द्यावा. तो जमला की त्याच्या आधीची पायरी त्याच्याकडे सोपवावी. अशा रीतीने शेवटाकडून आरंभाकडे आले, तर प्रत्येक वेळी काम मुलाच्या हातून पुरे होते आणि ‘मला आले’ हे समाधान त्याला लाभते. आपण एरवी आरंभापासून शिकवितो, आणि मूल दर वेळी मध्येच हरते.

याबरोबर दिवसाच्या वेळापत्रकात अंगमेहनतीची लहान कामे पेरावीत. पाण्याची छोटी बादली आणणे, फळा पुसणे, पुस्तकांचा गठ्ठा दुसऱ्या वर्गात पोहोचविणे, अंगणातील झाडांना पाणी घालणे. ज्याला बसवत नाही त्या मुलाला दर वीस-पंचवीस मिनिटांनी असे काम दिले, तर पुष्कळदा ते परत येऊन अधिक स्थिर बसते. मात्र हे काम शिक्षा म्हणून देऊ नये आणि त्याच एका मुलावर लादूही नये. पाळी सर्वांची असावी. बोटांच्या बळासाठी पोळ्याचे मातीचे बैल, चिंचोके, सागरगोटे, शेंगा सोलणे, धान्य निवडणे ही आपलीच साधने उत्तम आहेत. तोलासाठी लंगडी आणि आखलेल्या रेघेवरून चालणे. आपल्या आज्यांनी ही कामे मुलांना सहज दिली होती. ती कोणत्या मुलाला, किती आणि केव्हा द्यावीत याचा विचार करणे हे आपले काम आहे.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. ज्याला फेफरे येते अशा मुलास गरगर फिरवू नये. ताठरलेला हात वा पाय ओढून सरळ करू नये. ज्या मुलास गिळण्यास त्रास होतो त्यास आडवे किंवा मान मागे टाकून भरवू नये. सरळ बसवूनच भरवावे. न सोसणारा पदार्थ तोंडात कोंबू नये. न सोसणाऱ्या आवाजाजवळ ‘सवय होईल’ म्हणून उभे करू नये. आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे, हे आपण जाणताच. माझी छडी त्या कायद्याच्या आधीची होती, पण त्यामुळे ती योग्य ठरत नाही.

कळवावे म्हणजे आपल्या मर्यादा ओळखाव्यात. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. ‘हे मूल स्वमग्न आहे’ असे पालकांना आपण सांगू नये. ‘मला एवढे एवढे दिसले, तज्ज्ञांना दाखवू या’ असे सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालापासून आहे आणि त्यांत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी येते. त्याचे पथक शाळेत येईल त्या दिवशी आपली आठवड्याची नोंद त्यांच्या हाती द्यावी. पथकातील डॉक्टरांना एका मुलासाठी थोडीच मिनिटे मिळतात. आपली वही त्यांना पाच दिवस दाखविते. पुढील तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची सोय त्या कार्यक्रमात आहे. गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ व विशेष शिक्षक यांचा सल्ला घ्यावा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकार नमूद आहेत. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हे सर्व त्यांत येतात. अशा मुलांना इतरांसमवेत शिकू देणे ही आपली कृपा नसून त्यांचा अधिकार आहे.

पालकांशी बोलताना विशेष जपावे. अशा मुलाच्या आईने ‘तुझ्या लाडानेच बिघडले’ हे वाक्य घरात शेकडो वेळा ऐकलेले असते. ते शाळेतही ऐकावे लागले, तर ती पुन्हा शाळेची पायरी चढत नाही. आधी मुलाला काय येते ते सांगावे, मग काय जमत नाही ते, आणि शेवटी उद्यापासून शाळा काय करणार आहे ते.

हे सर्व खेड्यातील शाळेत शक्य आहे काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. माझ्या बीटातील एका शाळेत दुसरीत एक मुलगी आहे. जेवणाच्या वेळी ती ताट टाकून पळे आणि लिहावयास सांगितले की बाकाखाली शिरे. वर्गावरच्या बाईंनी आठवडाभर नोंद ठेवली. मुलीला खिचडीचा कंटाळा नव्हता. चाळीस स्टीलची ताटे एकदम वाजत, तो आवाज तिला सोसत नव्हता. बाईंनी तिला पंगतीच्या टोकाला, व्हरांड्याच्या कडेला बसविले आणि सर्वांच्या आधी वाढले. लिहिण्यासाठी पायांखाली विटा आल्या, पाटीला उतार आला, खडूचा तुकडा आला. तपासणी पथकाने तिला जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठविले. आता महिन्यातून एकदा आई तिला एसटीने तेथे नेते आणि तज्ज्ञांनी दिलेले सराव घरी करून घेते. तीन महिन्यांनी मी शाळेला भेट दिली तेव्हा ती पूर्ण पंगत बसून जेवली आणि तिने आपले नाव ओळीवर लिहून दाखविले. ध्वनिक्षेपक लागला की ती अजूनही दाराशी जाऊन उभी राहते. बाईंनी ते चालवून घेतले आहे. मला वाटते, ते चालवून घेणे हाही उपचाराचाच भाग आहे.

हे मूल पूर्ण बरे झाले असे मी म्हणत नाही. काही अडचणी जन्मभर राहतात. परंतु अडचण राहूनही मूल शाळेत राहिले, जेवले, खेळले आणि आपले नाव लिहू लागले, तर त्याचा व्यवसाय सुरू झाला.

माझी आपल्याला एकच विनंती आहे. पुढील शिक्षण परिषदेला येताना प्रत्येकाने आपल्या शाळेतील एका मुलाची एका आठवड्याची नोंद आणावी. मुलाचे नाव लिहू नये. त्यांत आपले मत नसावे, केवळ पाहिलेले असावे. आपण त्या नोंदी एकत्र बसून वाचू आणि प्रत्येक मुलासाठी उद्या करता येईल असा एक तरी बदल ठरवू. १९९७ साली अशी एक वही मी लिहिली असती, तर त्या दिवशी बँकेत त्या मुलाने माझ्या हातातून लेखणी घेतली असती.